विषय: नाशिकची गाडी, बॅटरी चार दिवसांत बसते

नमस्कार मंडळी,

इंदिरानगरला आईबाबांकडे २०१३ची छोटी पेट्रोल हॅचबॅक आहे, मागच्या दिवाळीत सेकंडहँड घेतलेली. बॅटरी ३५ अँपिअर-अवरची. चार दिवस उभी राहिली की सेल्फ घेत नाही, नुसतं टकटक. एक बॅटरी बदलून झाली, नवीही तशीच बसते. वायरमन म्हणतो डायनामो गेला. शिवाय डावा इंडिकेटर दिला की त्याच बाजूचा हेडलाइट त्याच तालावर मंद होतो. रविवारी भाजीपुरती गाडी निघते, तेवढंच रनिंग. बाबांना फोनवर काय सांगू?

(इंदिरानगर, सध्या टोरँटो)

---

डायनामोला इतक्यात हात लावू देऊ नका. आधी साधा डिजिटल मल्टीमीटर आणून दोन आकडे घ्या. रात्रभर बंद असलेल्या गाडीच्या बॅटरीवर सकाळी व्होल्ट मोजा: १२.६ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी, १२च्या खाली म्हणजे रिकामीच समजा. मग इंजिन चालू करून हेडलाइट आणि ब्लोअर लावून मोजा. साडेतेरा ते साडेचौदा मिळाले तर चार्जिंग ठीक आहे. पंधराच्या वर गेलं तर रेग्युलेटर बिघडलाय, तो बॅटरीचं पाणी उकळवून संपवेल.

आता गणित बघा. चार दिवस म्हणजे ९६ तास. बंद गाडीतही ०.३ अँपिअर करंट वाहत राहिला, म्हणजे तेवढी गळती असेल तर तेवढ्यात २९ अँपिअर-अवर गेले, म्हणजे ३५ची बॅटरी जवळपास संपली. डिकीतला ५ वॅटचा दिवा झाकण लावल्यावरही जळत राहिला, तर एकटाच ०.४ अँपिअर खातो. अशी गळती असताना कितीही नवी बॅटरी आणा, ती बसणारच. आणि भाजीच्या फेरीत ती भरून निघत नाही, त्याला काही तासांचं रनिंग लागतं.

गळती मोजायची रीत अशी. चावी काढायची, बॉनेट उघडं ठेवायचं, दारं लावायची. बॅटरीची निगेटिव्ह केबल सोडायची. मीटरची लाल पिन १० अँपिअरच्या भोकात, काळी कॉमनमध्ये. एक टोक केबलला, दुसरं निगेटिव्ह टर्मिनलला. सुरुवातीला आकडा मोठा दिसेल, अर्धा तास थांबा. ०.०५च्या खाली आला तर गळती नाही. मीटर जोडलेलं असताना चुकूनही सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज उडेल.

(सिडको, सध्या डॅलस)

---

काकांच्या पत्राला एक पुरवणी. वायरमन पुढे एकेक फ्यूज उपटत बसतात. फ्यूज काढून परत लावला की गाडीतली झोपलेली इलेक्ट्रॉनिक युनिटं जागी होतात आणि पुन्हा अर्धा तास थांबावं लागतं. त्यापेक्षा मीटर मिलिव्होल्टवर ठेवून फ्यूजच्या डोक्यावरच्या दोन उघड्या ठिपक्यांना पिना टेकवा. करंट वाहत असेल तर एखाद-दोन मिलिव्होल्ट दिसतात, नसेल तर शून्य. ज्या फ्यूजवर मिलिव्होल्ट दिसले, दोष त्याच्या लाइनवर.

सगळे फ्यूज शून्य आणि गळती मात्र तशीच असेल, तर डायनामोचा डायोड गळतोय का बघा. निगेटिव्ह केबल सोडून डायनामोची जाड वायर काढायची, तिचं टोक टेपने गुंडाळायचं आणि पुन्हा मोजायचं. गळती थांबली तर वायरमनचं खरं. चार्जिंग छान करणारा डायनामोसुद्धा रात्री बॅटरी पिऊ शकतो.

हेडलाइटची भानगड अर्थिंगची वाटते. इंडिकेटर आणि हेडलाइटच्या काळ्या वायरी बहुतेक एकाच बोल्टवर येतात. तो बोल्ट गंजला की इंडिकेटरचा करंट हेडलाइटच्या फिलामेंटमधून वाट काढतो. हेडलाइट लावून होल्डरची अर्थ पिन आणि बॅटरी निगेटिव्ह यांच्यामध्ये मोजा. ०.१ व्होल्ट चालेल, अर्धा आला तर बोल्ट काढून खालचा रंग पॉलिश पेपरने चकाकेपर्यंत घासा, लग (वायरच्या टोकाची कडी) नवा टाका, घट्ट करून वर ग्रीस लावा.

होल्डर काढलाच आहे तर बल्बवर काय लिहिलंय ते वाचा. मूळ ६०/५५ वॅटच्या जागी १००/९०चे घातले असतील तर जोडीला ९च्या जागी १५ अँपिअर वाहतो आणि होल्डर वितळतो. मग कोणीतरी १०चा लाल फ्यूज काढून २०चा पिवळा ठोकतो, म्हणजे आता फ्यूजऐवजी वायर जळणार. पावसाळ्यात बॉनेटखाली उंदरांनी वायरी कुरतडल्यात का तेही बघून घ्या.

(पंचवटी, सध्या स्टुटगार्ट)

---

काका, ताई, आभार. आकडे आले: सकाळी १२.१, चालू इंजिनवर १४.२, गळती ०.३४. मिलिव्होल्ट फक्त ऑडिओच्या फ्यूजवर. स्टिरिओ आधीच्या मालकाने शिंगाडा तलाव भागातल्या दुकानात बसवून घेतला होता म्हणतात.

(इंदिरानगर, सध्या टोरँटो)

---

मग डायनामो निर्दोष सुटला. स्टिरिओ बाहेर ओढून मागच्या वायरी बघायला सांगा. पिवळी वायर कायम १२ व्होल्टची, घड्याळ आणि मेमरीसाठी. लाल वायर चावी फिरवल्यावरच चालू व्हायला हवी. घाईत बसवणारे दोन्ही पिळून एकत्र जोडतात, मग चावी काढली तरी स्टिरिओ आतून जागाच राहतो. चावी बंद असताना लाल वायरवर १२ व्होल्ट आले, तर हाच घोळ. लाल सोडवून चावीच्या लाइनवर न्यायची, जोड क्रिम्प करून वर हीट श्रिंक स्लीव्ह. नुसती काळी टेप नको, एप्रिलच्या उन्हात तिचा डिंक सुटतो.

बॅटरी निम्म्याहून रिकामी आहे. ३ अँपिअरच्या चार्जरवर आठेक तास ठेवा. टर्मिनलवरचा पांढरा खार खायच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन घ्या, केबल काढताना आधी निगेटिव्ह, लावताना शेवटी निगेटिव्ह. आणि परत अर्धा तास थांबून मोजायला लावा. ०.०५च्या खाली आलं की मगच वायरमनला पैसे.

(सिडको, सध्या डॅलस)