गेट (माहिती मागणारी रिक्वेस्ट) चालतो, पोस्ट (माहिती पाठवणारी रिक्वेस्ट) केलं की ४०३ (परवानगी नाही) येऊन राहिला. जावात सर्व्हिस बनवणं अन सिक्युअर करणं नेमकं कुठून शिकायचं?

गांधीबाग_कोडर

नमस्कार मंडळी, थोडं लांबेल पण पूर्ण सांगतो म्हणजे कोणाला परत विचारावं लागणार नाही.

गांधीबागेत माझ्या मामाचं कापडाचं होलसेल दुकान आहे. काटोल, उमरेड, भंडारा, सगळीकडच्या पार्ट्या फोनवर ऑर्डर सांगतात, मुनीमजी वहीत लिहितात, अन महिन्यातून दोनदा तरी कोणाचं थान कोणाला जाते. मी म्हटलं आपण जावा शिकून राहिलो तर हेच बनवू. पार्टी लॉगिन करेल, ऑर्डर टाकेल, आपली बिलं अन बाकी पाहील, एवढंच. कोअर जावा कॉलेजात बरं झालं होतं, स्प्रिंग बूट (जावात सर्व्हिस बनवायचं फ्रेमवर्क) तीन महिन्यांपासून करून राहिलो, लोकमान्य नगरहून बर्डीपर्यंत मेट्रोत व्हिडिओ पाहतो अन रात्री घरी हातानं करतो. सर्व्हिस बनली, पोस्टग्रेस डेटाबेसला जोडली, पोस्टमनमध्ये (रिक्वेस्ट टाकून पाहायचं टूल) सगळं मस्त चाललं.

मग स्प्रिंग सिक्युरिटीची (लॉगिन अन परवानग्या सांभाळणारी लायब्ररी) डिपेन्डन्सी टाकली अन सगळंच बंद झालं. आपोआप लॉगिनचं पान आलं, पासवर्ड कन्सोलवर छापून आला. एका व्हिडिओत वेबसिक्युरिटीकॉन्फिगररअडॅप्टर नावाचा क्लास एक्स्टेंड करा म्हणते, माझ्याकडे तो क्लासच सापडत नाही (बूट ३ आहे, जावा १७). दुसरीकडून जेडब्ल्यूटीचा (लॉगिननंतर मिळणारं सही केलेलं टोकन) फिल्टर, म्हणजे प्रत्येक रिक्वेस्ट तपासणारा कोड, उचलला, तर टोकन लावून गेट चालते पण पोस्ट केलं की ४०३. दोन दिवस डोकं फोडलं. शेवटी कुठूनतरी दोन ओळी मिळाल्या, एक सीएसआरएफ (दुसऱ्या साइटवरून आलेल्या खोट्या रिक्वेस्ट अडवणारी तपासणी) डिसेबल करणारी अन दुसरी सगळ्या रिक्वेस्टला परमिट ऑल (सगळ्यांना मोकळं), त्या टाकल्या अन सगळं चालू झालं.

आता मला हे समजून घ्यायचं आहे की त्या दोन ओळींनी केलं काय, अन हे असंच ठेवलं तर चालेल का? मामाला दिवाळीच्या सीझनच्या आधी पाहिजे आहे. अन एक, इंटरव्ह्यूत सोप (एक्सएमएलवर चालणारी जुनी पद्धत) वेब सर्व्हिस विचारतात म्हणते मित्र, ते आता शिकायचं का?

---

मिहान_बॅकएंड

परमिट ऑल आत्ताच्या आत्ता काढ भावा, बाकीचं नंतर वाच. त्या ओळीनं दुकानाचं शटर उघडं टाकून तू घरी गेलास, आता टोकन असो नसो, कोणीही ऑर्डर टाकू शकते. परमिट ऑल फक्त लॉगिनच्या पत्त्याला द्यायचं, बाकी सगळ्याला ऑथेंटिकेटेड.

सीएसआरएफची गोष्ट वेगळी आहे. स्प्रिंग सिक्युरिटी मुळात असं धरून चालते की समोर ब्राउझर आहे अन लॉगिन कुकीत आहे. कुकी ब्राउझर आपोआप पाठवते, म्हणजे तुझी पार्टी लॉगिन असताना तिने दुसऱ्या एखाद्या फालतू साइटवर क्लिक केलं अन त्या साइटने तुझ्या सर्व्हिसला पोस्ट मारली तर कुकी सोबत जाऊ शकते. म्हणून पोस्ट, पुट, डिलीट अशा बदल करणाऱ्या रिक्वेस्टसोबत एक जास्तीचं टोकन मागते, गेटला मागत नाही. तुझं गेट चालून पोस्ट अडत होतं ते यामुळेच. तुझं टोकन ऑथोरायझेशन हेडरमध्ये जाते, ते ब्राउझर स्वतःहून कधीच जोडत नाही, म्हणून तुझ्या केसमध्ये सीएसआरएफ बंद केलं तर चालते. पण उद्या तेच टोकन कुकीत ठेवलंस तर परत चालू करावं लागेल, हे लक्षात असू दे.

दुसरं, ४०३ दिसला म्हणजे दरवेळी परवानगीचाच लोचा असते असं नाही. यात मी स्वतः अख्खा एक दिवस घालवला आहे. कंट्रोलरमध्ये (रिक्वेस्ट हाताळणारा क्लास) काही फाटलं की रिक्वेस्ट आतल्या आत एररच्या पत्त्यावर जाते, अन स्प्रिंग सिक्युरिटीच्या ६ व्हर्जनमध्ये तिथेही तपासणी होते. तुझा जेडब्ल्यूटी फिल्टर त्या दुसऱ्या फेरीत चालतच नाही, म्हणून तू अनोळखी ठरतोस अन खरा ४०० (रिक्वेस्ट चुकीची) किंवा ५०० (सर्व्हरमध्ये बिघाड) झाकला जाऊन वर ४०३ येते. तर लॉगिंगमध्ये स्प्रिंग सिक्युरिटीच्या पॅकेजला ट्रेस लेव्हल (सगळ्यात बारीक लॉग) दे अन कन्सोल वाच, कोणत्या फिल्टरनं अडवलं ते ओळीनं लिहून येते. शिकायचंच असेल ना तर यापेक्षा चांगलं पुस्तक नाही, एक रिक्वेस्ट टाकायची अन ती कुठून कुठून जाते ते पहिल्या फिल्टरपासून शेवटपर्यंत वाचायचं.

तो क्लास सापडत नाही कारण तो राहिलाच नाही. २०२२ मध्ये स्प्रिंग सिक्युरिटी ५.७ ला जुना ठरवला अन ६.० ला काढून टाकला, आता सिक्युरिटीफिल्टरचेनचा बीन लिहितात. व्हिडिओ जुना आहे का हे ओळखायची सोपी खूण सांगतो, इम्पोर्टमध्ये जावाएक्स डॉट सर्व्हलेट दिसलं की समज तो बूट २ च्या काळातला आहे. बूट ३ ला जकार्ता डॉट सर्व्हलेट असते. नुसतं नाव बदललं असं नाही, सिक्युरिटीचं लिहिणंही बरंच बदललं.

---

धरमपेठची_ताई

वरचं सगळं बरोबर आहे, पण मला तुझ्या पोस्टमधल्या एका शब्दाची जास्त काळजी वाटते, "आपली" बिलं. पार्टी आपली बिलं पाहील असं तू म्हणतोस. ते "आपली" तुझ्या कोडमध्ये कुठे लिहिलं आहे? आत्ता असं कर, दोन पार्ट्यांची लॉगिनं बनव, काटोलवाल्याचं टोकन घे आणि उमरेडवाल्याच्या बिलाचा नंबर टाकून गेट मार. काय येतं ते इथे सांग.

मी हे का विचारतेय तर माझ्या पहिल्या नोकरीत मी अशीच एक बिलांची सर्व्हिस लिहिली होती. लॉगिन होतं, टोकन होतं, एचटीटीपीएस होतं, सगळं होतं. बिलांचे नंबर ओळीनं १०१, १०२ असे. एका ग्राहकाने सहज पत्त्यातला शेवटचा आकडा बदलला आणि त्याला दुसऱ्या कंपनीचं पूर्ण बिल दिसलं. तो चांगला माणूस म्हणून त्याने फोन करून सांगितलं. त्या रात्री मी आणि माझी लीड लॉग काढून बसलो, अजून कोणी असं पाहिलं का ते शोधत. लॉगिन केलेला माणूस आणि हक्क असलेला माणूस एक नसतो, हे मला तेव्हा कळलं. ओवास्प या वेब सिक्युरिटीवर काम करणाऱ्या संस्थेच्या एपीआयसाठीच्या (अशा सर्व्हिसांसाठीच्या) २०२३ च्या चुकांच्या यादीत हीच चूक पहिल्या नंबरवर आहे, म्हणजे तू आणि मी एकटे नाही.

तुझ्या मामांच्या धंद्यात तर हे फारच नाजूक आहे. होलसेलमध्ये प्रत्येक पार्टीचा भाव वेगळा, उधारीची मुदत वेगळी. मुनीमजी वही उघडतात तेव्हा तुमचंच पान तुमच्यासमोर करतात ना, शेजारच्या पानावर हात ठेवतात. तो हात तुला कोडमध्ये ठेवायचा आहे.

कसा, तर बिल नुसतं आयडीनं शोधू नकोस, आयडी आणि पार्टी दोन्हीनं शोध, आणि पार्टी कोण ते टोकनमधून घे, रिक्वेस्टमध्ये पाठवलेल्या पार्टी आयडीवर कधीच विश्वास ठेवू नकोस. सापडलं नाही तर ४०४ (सापडलं नाही) दे, म्हणजे त्या नंबरचं बिल आहे हेसुद्धा समोरच्याला कळत नाही. आयडी लांबलचक यूयूआयडी केले की झालं असं कोणी सांगेल, ते केलंस तर चांगलंच, पण त्याने तपासणी सुटत नाही.

आणि पोस्टमध्ये पाहा, तू एन्टिटी (डेटाबेसच्या टेबलचा क्लास) जशीच्या तशी रिक्वेस्टमधून घेतोस का? मग पार्टी ऑर्डरसोबत भावही आपल्या मनाचा पाठवू शकते. ऑर्डरसाठी वेगळा छोटा क्लास कर, त्यात फक्त माल आणि थान. भाव तू डेटाबेसमधून काढ.

---

बर्डी_ते_खापरी

माझं थोडं वेगळं मत आहे, वाईट नको मानू. तुला जेडब्ल्यूटी लागतेच काऊन? एक दुकान, एक सर्व्हर, समोर ब्राउझरचं पान. साधं सेशन (लॉगिन सर्व्हरवर लक्षात ठेवणं) ठेव, सीएसआरएफ चालू ठेव, स्प्रिंग बाकी सांभाळून घेते. मामाने एखाद्या पार्टीचं खातं बंद केलं तर सेशन तिथल्या तिथं संपवता येते. जेडब्ल्यूटी एकदा दिला की मुदत संपेपर्यंत चालतच राहते, मधात रद्द करायचा तर वेगळी यादी ठेवावी लागते.

तरी जेडब्ल्यूटीच ठेवायचा असेल तर, त्याचे तीन भाग असतात अन मधला भाग नुसता बेस६४ आहे, एन्क्रिप्ट नाही. कोणीही उघडून वाचू शकते, सही फक्त एवढंच सांगते की कोणी बदलला नाही. म्हणून त्यात पार्टीची बाकी, मोबाइल नंबर असलं काही टाकू नको. मुदत छोटी ठेव, मी पंधरा मिनिटं ठेवतो. सहीची पद्धत एचएस२५६ असेल तर सिक्रेट (सही करायची गुप्त की) निदान ३२ बाइटचं पाहिजे अन ते रँडम बनव, मामाच्या दुकानाचं नाव नको. अन ते सिक्रेट प्रॉपर्टीजच्या फाइलमध्ये लिहून गिटवर टाकू नको बाप्पा, एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून घे. एकदा गिटच्या हिस्टरीत गेलं की फाइल पुसून जात नाही, सिक्रेटच बदलावं लागते. फिल्टर पण उचललेला फेकून दे, स्प्रिंगचाच ओऑथ२ रिसोर्स सर्व्हरचा स्टार्टर आहे, टोकन तपासायचं काम तो करते.

अन लायब्ऱ्यांची व्हर्जनं पाहत जा. डिसेंबर २०२१ मध्ये लॉग४जे या लॉग लिहायच्या लायब्ररीतलं भोक निघालं तेव्हा नुसत्या लॉगमध्ये लिहिलेल्या एका स्ट्रिंगनं बाहेरचा कोड सर्व्हरवर चालत होता, अन कित्येक जणांना माहीतच नव्हतं की आपल्या प्रोजेक्टमध्ये ते आहे, दुसऱ्याच लायब्ररीच्या पाठीमागून आलेलं. मेव्हनला (लायब्ऱ्या आणून प्रोजेक्ट बनवणारं टूल) डिपेन्डन्सी ट्री काढायला सांग अन एकदा पूर्ण वाच.

सोपचं म्हणशील तर आता नको. जावा ११ पासून सोपसाठीचं जॅक्स-डब्ल्यूएस जेडीकेमधूनच (जावाचा मूळ संच) काढलं. पण बँका, विमा, सरकारी कामं, तिथं जुनं सोप अजून आहे, त्यामुळं डब्ल्यूएसडीएल (सोप सर्व्हिसचं वर्णन लिहिलेली फाइल) वाचता आलं पाहिजे, तेवढं इंटरव्ह्यूच्या आधी दोन दिवसांत होते.

---

गांधीबाग_कोडर

ताई, करून पाहिलं. काटोलच्या टोकननं उमरेडचं बिल आलं. पूर्ण आलं, पॉपलिनचा भाव, मागची बाकी, सगळं. पाहून पोटात गोळा आला, कारण या दोघा पार्ट्यांना मामा वेगळा भाव देतो अन दोघांचं एकमेकांकडे येणंजाणं आहे. मी तर लॉगिन लागलं म्हणजे काम झालं समजून बसलो होतो.

दादा, तुमचंही बरोबर निघालं. परमिट ऑल काढलं, सीएसआरएफची ओळ ठेवली, पोस्टमनमधून पोस्ट गेली. पण दुकानातल्या पानावरून टाकली तर परत ४०३. ट्रेस लावला तर आधी ऑर्डरचा पत्ता दिसला अन लगेच खाली सिक्युअरिंग पोस्ट स्लॅश एरर. वर पाहिलं तर तारीख पार्स होत नव्हती, पानावरून दिवस आधी जाऊन राहिला होता अन सर्व्हिसला वर्ष आधी पाहिजे. एवढ्याशा तारखेसाठी मी परवानग्या उघड्या टाकल्या होत्या.

आता बिल आयडी अन पार्टी दोन्हीनं शोधते, ४०४ येते. पण मुनीमजींना तर सगळ्यांची बिलं दिसली पाहिजे, त्यांचं कसं करू? त्याच मेथडमध्ये इफ टाकू का?

---

धरमपेठची_ताई

इफ नको, सहा महिन्यांनी त्यात अजून चार इफ येतील. मुनीमजींचा पत्ताच वेगळा कर, ऑफिसच्या खाली, आणि त्याला रोल लाव. एक जागा सांभाळ, हॅजरोलमध्ये मुनीम लिहिलंस की स्प्रिंग आत रोल-अंडरस्कोर-मुनीम शोधते, डेटाबेसमध्ये नुसतं मुनीम असेल तर परत ४०३ आणि परत दोन दिवस जातील.

मग आत्ता जे हातानं केलंस त्याची टेस्ट लिही. मॉकएमव्हीसीत (स्प्रिंगचं टेस्टसाठीचं टूल) दोन पार्ट्या, एक मुनीम, आणि तिघांनी तेच बिल मागायचं. पुढे कोणी क्वेरी बदलली तर ती टेस्ट लाल होईल.

---

मिहान_बॅकएंड

अन अॅक्च्युएटर (सर्व्हिसची आतली माहिती दाखवणारा स्प्रिंगचा भाग) टाकला असशील तर बाहेर फक्त हेल्थ उघडा ठेव. हीपडम्प (मेमरीची प्रत) बाहेरून उतरवता आला तर मेमरीतले पासवर्ड, टोकन सगळं त्यात सापडू शकते. सर्व्हरवर लेट्स एन्क्रिप्टचं (एचटीटीपीएससाठीचं मोफत) सर्टिफिकेट लाव अन त्याचं रिन्यूअल ऑटोमॅटिक कर, ९० दिवसांनी हातानं करायचं कोणाच्या लक्षात राहत नाही, अन नेमकं सीझनमध्ये संपते.

---

गांधीबाग_कोडर

टेस्ट लिहिली. उमरेडला २०० (बिल मिळालं), काटोलला ४०४, मुनीमजींना २००. रोल-अंडरस्कोरमध्ये मी अडकलोच असतो ताई, डेटाबेसमध्ये नुसतं मुनीमच होतं.

पण टेस्ट लिहिता लिहिता अजून एक दिसलं. तारखेवरून बिलं शोधायचा जो पत्ता आहे तिथं पार्टीची अटच नाही, एका दिवसाची सगळ्यांची बिलं येऊन राहिली. एक एक बिल बंद केलं अन अख्खी वही तिकडून उघडीच होती. आता सगळ्या रिपॉझिटरी मेथडची (डेटाबेसमधून शोधणाऱ्या) यादी काढून बसलो आहे, एकूण अकरा आहेत, त्यातल्या चारमध्ये पार्टी नाही. त्या झाल्याशिवाय मामाला लिंक देत नाही, त्याला सांगितलं तर म्हणाला घे वेळ, तोवर वही आहेच.