मदत हवी आहे : टिग वेल्डिंग सुरू होताच सीएनसी यंत्र अडते

आमच्या कोल्हापूरच्या शेडमध्ये टिगचा (टंगस्टनच्या टोकाने, निष्क्रिय वायूच्या आवरणात होणाऱ्या वेल्डिंगचा) आर्क हाय फ्रिक्वेन्सीने, म्हणजे टोक न टेकवता उच्च वारंवारतेच्या ठिणगीने, पेटवला की १५ फुटांवरील सीएनसी (संगणक-नियंत्रित) यंत्राचा डिस्प्ले गोठतो. साध्या रॉडच्या वेल्डिंगने मात्र तसे होत नाही. अर्थ क्लॅम्प जोडाजवळ लावला, वेल्डिंगच्या दोन्ही केबल एकत्र बांधून जमिनीलगत नेल्या, तरी फरक थोडाच पडला. सीएनसीच्या शील्डेड केबलचे आवरण एका टोकाला अर्थ करावे की दोन्ही, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

ओल्या फरशीवर रॉडच्या मशीनचे ओपन सर्किटचे (आर्क पेटलेला नसतानाचे) ८० व्होल्टही जिवावर बेतू शकतात, म्हणून कोरडे हातमोजे आणि रबरी चटई आम्ही सक्तीची केली आहे (कुरकुर होतेच). एका सहकाऱ्यांना नुकताच पेसमेकर बसवल्यामुळे, डॉक्टरांची लेखी परवानगी मिळेपर्यंत त्यांना आम्ही शेडबाहेरचेच काम दिले आहे. त्यानंतर वेल्डिंगपासून त्यांना किती दूर ठेवावे?