वाई–सातारा सकाळची एसटी: रोजच्या प्रवाशांचे अलिखित नियम काय?

पाचवड_फाटा
पुढच्या महिन्यापासून वाई–सातारा रोजचं जाणं-येणं सुरू होतंय, मासिक पास काढणार. सकाळच्या गाड्यांना पासवाल्यांचे ठरलेले गट असतात, रुमाल टाकून जागा धरतात असं ऐकलंय. रुमाल बाजूला करून बसलं तर भांडण होतं का? सुट्टे, बॅग, खिडकी यांचं काय? 'समजून घ्या' एवढंच नको, नेमकं सांगा.

रुमालबहाद्दर
पासात 20 दिवसांच्या भाड्यात 30 दिवस प्रवास होतो, पण तो प्रवासाचा आहे, जागेचा सातबारा नव्हे. रुमालाचं म्हणाल तर रिवाज पाळतात, फक्त त्याला मर्यादा आहेत. एकाने एकाचीच जागा धरायची, आणि ज्याच्यासाठी धरली तो माणूस स्टँडात हजर हवा. पेपर घ्यायला गेलाय, चालेल. डबल बेल झाली तरी आला नाही, तर रुमाल उचलून शेजारच्याच्या हातात द्या आणि बसा. कोणी काही बोलत नाही. पाचवडला चढणाऱ्यासाठी वाईपासून जागा अडवून ठेवायची आणि माणसं उभी, हे मात्र चालवून घेऊ नका. गरोदर बाई किंवा पाय प्लास्टरमध्ये असलेला माणूस एवढाच अपवाद. राखीव सीटवर रुमाल टाकायचाच नाही.

आणि गाडी फलाटाला लागत असताना खिडकीतून रुमाल फेकायला धावू नका. सगळे डाव्या अंगाने, पुढच्या चाकालगत पळतात. नेमकं तिथलंच ड्रायव्हरला नीट दिसत नाही.

डबलबेल
सुट्ट्यांचं सांगतो. पहिल्या फेरीला कंडक्टरच्या बॅगेत चिल्लर जवळपास नसतेच, ती प्रवाशांकडूनच जमत जाते. जानेवारी 2025 च्या भाडेवाढीनंतर एक-दोन रुपयांचा हिशेब वाढला, त्यात महिलांचं निम्मं तिकीट. पहिल्या पाच जणांनी पाचशेची नोट काढली की पुढे सगळ्यांचेच पैसे अडकतात. तुमचा पास असला तरी बरोबरच्या पाहुण्याचं तिकीट काढायचं असेल तर नाणी ठेवा. मशीनवर क्यूआर असतो, पण गाडी हलल्यावर रेंज जाते आणि पैसे गेले की नाही हे कळेपर्यंत मागचे दहा जण खोळंबतात. स्टँडात गाडी उभी असतानाच ते उरकावं. बाकी तिकिटामागे लिहून दिली असेल तर उतरायच्या एक थांबा आधी मागा. पायरीवर उभं राहून मागितली की दार तुंबतं.

रोजची ओळख असली तरी नुसतं तोंडाने 'पास' म्हणू नका, काढून दाखवा. तपासणीस चढले तर जाब कंडक्टरला द्यावा लागतो.

बेलची दोरी प्रवाशाने ओढायची नाही. एक घंटी म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. गर्दीत कोणीतरी उत्साहाने दोनदा ओढतो आणि उतरणाऱ्याचा पाय पायरीवर असतानाच गाडी हलते. फलाटावरून गाडी मागे घेताना कंडक्टर खाली उतरून शिट्टी देतो, तेव्हाही त्याला हाका मारू नका.

'आमचा एक येतोय, जरा थांबवा' ही सगळ्यात वाईट सवय. पुढे उडतारे, आनेवाडीला माणसं उभी असतात, त्यांनी काय पाप केलंय?

खिडकी_डावी
काच सरकती असते हे लक्षात ठेवा. तुम्ही हवेसाठी सरकवली की पुढच्याची किंवा मागच्याची खिडकी बंद होते, म्हणून आधी विचारा. थंडीत गार वारा तुम्हाला कमी आणि मागच्या सीटला जास्त लागतो. थुंकण्याचंही तेच, तुमचं पान मागच्याच्या शर्टावर.

पाठीवरची सॅक चढण्याआधी पुढे घ्या. मधल्या वाटेत वळलात की ती बसलेल्याच्या तोंडावर आपटते. बसलेल्याने उभ्याची बॅग मांडीवर घ्यायची, ही जुनी चांगली रीत आहे. पण ओली छत्री आणि रस्सा भरलेला डबा देऊ नका, तो उभा धरला नाही तर गळतोच. डुलकी लागणार असेल तर शेजाऱ्याला थांबा सांगून ठेवा.

शिवाय अर्ध्या वाटेत उठून उभ्याला जागा द्यावी, पाचवड ओलांडलं की.

डबलबेल
वर लिहिलेली अदलाबदल पटत नाही. पाचवडनंतर हायवे लागतो, गाडी वेगात असते. दोघं एकाच वेळी उठले-बसले आणि ब्रेक लागला की पडणं ठरलेलं. करायचीच तर पाचवडला गाडी थांबलेली असताना करा.

पाचवड_फाटा
शाळा-कॉलेजची मुलं बरीच असतात म्हणे. त्यांना उठवतात का?

रुमालबहाद्दर
काही जण उठवतात, 'सवलतीवाले' म्हणून. चूक आहे. सवलत सरकार देतं, शेजारचा प्रवासी नाही. फक्त लिंबखिंडीला उतरणाऱ्या पोरांना दाराजवळ उभं राहू द्या. मागे दाटून बसली तर उतरताना अख्खी गाडी हलवतात.

गाडीचा व्हॉट्सअॅप ग्रुप असतो, कोणालाही विचारा, घेतील. तिथे 'गाडी लागली', 'आज रद्द', 'पाचवड सोडलं' एवढंच टाकायचं. सुप्रभातचे फोटो टाकले की लोक ग्रुप म्यूट करतात आणि गाडी रद्द झाल्याचा निरोप कोणी वाचत नाही.