शब्दचर्चा: कोअर, कोअर कॅचर आणि ‘रिकव्हरी’

जांभादगड: खोल समुद्रतळातून खडक काढणाऱ्या यंत्रावर लिहितोय. ड्रिलिंगला ‘विंधन’ चालेल का? कोअर कॅचर आणि रिकव्हरीला काय म्हणावं?

खलाशी: विंधन म्हटलं की कोकणात बोअरवेलची गाडी डोळ्यांपुढे येते. तिचा हॅमर कातळाचा भुगा करून हवेच्या दाबाने वर फेकतो. इथे भुगा टाकाऊ, मधला खडकाचा अख्खा दांडा हवा; तोच कोअर, म्हणजे गाभा. बिटाला, म्हणजे टोकाच्या कापणाऱ्या भागाला, चार दातेरी शंकू असतात, मधोमध भोक. भोवतालचा खडक दळला जातो आणि सुमारे ५.९ सेंमी जाडीचा दांडा नळीत शिरतो. म्हणून ‘गाभा-विंधन’ म्हणा. बाहेरची नळी जहाजावरून सोडलेल्या पाइपांबरोबर फिरते. आतली बेअरिंगवर टांगलेली असते, ती फिरत नाही. साधारण ९.५ मीटर खाली गेलं की आतली तेवढी तारेने वर ओढतात, पाइप जागच्या जागी. बॅरलला ‘पिंप’ मात्र नको, ‘नळी’ पुरे.

पण वरच्या मऊ गाळात विंधन नसतंच. पंपाचा दाब वाढवला की नळीला अडवून धरणाऱ्या पिना तुटतात आणि नळी एका दमात गाळात घुसते. तिथे ‘खुपसणं’ हेच क्रियापद.

सुरंगी: कॅचरला ‘गाभापकड’?

खलाशी: पकड म्हणजे फिटरची पकड वाटेल. नळीच्या तोंडाशी बसवलेल्या याच्या पात्या गाभ्याला वर जाऊ देतात, खाली निसटू देत नाहीत. मासे धरायच्या बांबूच्या सापळ्याचं तोंड तसंच. ‘कॅचर’च ठेवा.

सुरंगी: मग रिकव्हरीला ‘उतारा’. भातगिरणीत म्हणतात तोच. ९.५ मीटर विंधून ३.८ मीटर गाभा आला, तर उतारा ४० टक्के. ‘पुनर्प्राप्ती’ ऐकून काही हरवलं होतं असं वाटतं.

जांभादगड: उतारा एवढा कमी का?

खलाशी: समुद्रतळाचा बेसॉल्ट, म्हणजे लाव्हाचा काळा कातळ, भेगाळलेला असतो. तुकडा आडवा अडकला की नळीचं तोंड बंद, पुढचा खडक दळून जातो. आलेले तुकडे नोंदीत त्या टप्प्याच्या माथ्याला लावायचा प्रघात आहे, त्यामुळे खरी खोली नेमकी कळत नाही. जाडीपेक्षा लांब तुकड्यावरच वरची बाजू खात्रीने दाखवता येते; बुटका तुकडा नळीत उलटलेला असू शकतो. अरबी समुद्रात लक्ष्मी खोऱ्यात २०१५ साली विंधन झालं, तिथे पाणीच साडेतीन किलोमीटरच्या वर. एवढ्या खोलीवर बिट झिजलं तर सगळे पाइप वर घ्यावे लागतात. तेच भोक पुन्हा सापडावं म्हणून तोंडाशी आधी नरसाळं सोडतात. त्याला नरसाळंच म्हणा.