वळणावरच्या एकाच सांध्यावर डबा उतरतो, काय करू?

डोंबिवलीकर:
नमस्कार मंडळी. ८ बाय ४ फुटांच्या प्लायवर मॉडेल रेल्वेचा लेआउट मांडलाय, एचओ मापाचा. फ्लेक्स ट्रॅक (हवा तसा वाकवता येणारा रूळ), वळणाची त्रिज्या ४५० मि.मी. इंजिन बिनबोभाट जातं, मागचा लांब डबा मात्र नेमका एका सांध्यावर उतरतो. फिशप्लेट (दोन रूळ जोडणारी पट्टी) बदलली, खिळे घट्ट ठोकले, तर आणखीच बिघडलं. मुलगी शाळेतून आली की रोज विचारते, गाडी पूर्ण फिरली का म्हणून. सगळं उखडू का?

रूळप्रेमी:
आधी डब्याची चाकं बघा. दोन चाकांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर साधारण १४.४ मि.मी. हवं. तोच डबा उलटा जोडून चालवा. तरी तिथेच उतरला तर दोष रुळाचा.

पीवेवाले काका:
उखडू नका. माझी ३४ वर्षं रेल्वेच्या पी-वेत, म्हणजे रूळ सांभाळणाऱ्या खात्यात गेली, आता घरी १६.५ मि.मी.च्या रुळावर तेच काम करतो. आमचा मुकादम रुळाशी गाल नेऊन एका डोळ्याने लांबवर बघायचा आणि हातानेच खूण करायचा, तिथे सरकवा. तुम्हीही तसंच बघा. सांध्याशी वळण मोडून कोपरा झालेला दिसेल. रुळाला सरळ व्हायचं असतं, आणि नुसती फिशप्लेट त्याला धरून ठेवू शकत नाही.

म्हणून वळणावरचे दोन तुकडे आधी टेबलावर सरळ ठेवून जोडा, सांधा सोल्डर करा आणि मगच वाकवा. सोल्डर करताना दोन्ही बाजूंना ओला कापूस ठेवा, नाहीतर प्लास्टिकचे स्लीपर (रुळांखालच्या आडव्या पट्ट्या) वितळतात. वाकवल्यावर आतला रूळ टोकाशी पुढे येईल. तुमच्या त्रिज्येला ९१४ मि.मी.च्या एका तुकड्यामागे सुमारे ३३ मि.मी. तेवढा कापा आणि कापलेल्या टोकाची आतली वरची धार कानशीने हलकेच मारा. नख फिरवून बघा, कुठेही अडता कामा नये.

खिळे घट्ट ठोकलेत, तिथेच घात झाला. स्लीपर मधोमध दबला की दोन्ही रूळ आत झुकतात आणि गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, कमी होतो. खिळ्याचं डोकं स्लीपरला जेमतेम टेकलं की हात थांबवा. मी तर खिळे तात्पुरतेच मारतो, फेव्हिकॉल वाळला की काढून टाकतो.

डोंबिवलीकर:
काका, गाल टेकवून बघितलं. कोपरा स्पष्ट दिसला, इतके दिवस वरून बघत होतो म्हणून कळलाच नाही! रविवारी सोल्डर करून बसवला. डबा बोटाने ढकलला तर टक्‌ आवाजसुद्धा नाही. रात्री गाडीने वीस फेऱ्या मारल्या, मुलगी मोजत होती. आता पावसाळ्याची धास्ती आहे, प्लाय फुगला तर?

पीवेवाले काका:
शाब्बास! प्लायच्या कडा आणि खालची बाजू आत्ताच वॉर्निश करून घ्या, पाणी कडेतूनच शिरतं. सरळ भागातल्या सांध्यांत व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीएवढी फट ठेवा, तिथे सोल्डर नको. त्या सांध्यांना दोन्ही बाजूंनी बारीक वायर जोडा, म्हणजे फिशप्लेट गंजली तरी करंट तुटणार नाही.