सप्लिमेंट फुगवण्याबद्दल

छपराच्या विमा क्लेममध्ये पहिल्या एस्टिमेटात सुटलेल्या कामाचे पैसे मागायला विमा कंपनीला पाठवायची पुरवणी म्हणजे सप्लिमेंट. "अ‍ॅडजस्टर (विमा कंपनीचा क्लेम तपासणारा) कापतोच, म्हणून सप्लिमेंट थोडं फुगवूनच पाठवायचं" असं काहीजण म्हणतात, ते मला पटलं नाही. टेक्सासमधल्या रूफिंगवाल्यांची एस्टिमेटं मी पुण्यातून करतो. एक ओळ फुगलेली दिसली की खऱ्या ओळींवरही संशय येतो. त्यापेक्षा सुटलेलं शोधा. ड्रिप एज (छपराच्या कडेची, पाणी बाहेर टाकणारी पट्टी) बऱ्याचदा पहिल्या एस्टिमेटात नसते, पण आयआरसी या अमेरिकेतल्या घरबांधणीच्या नमुना कोडच्या आर९०५.२.८.५ कलमानुसार शिंगल छपराला ती लागतेच. (त्या शहराने कोणत्या वर्षाचा कोड स्वीकारलाय, ते आधी बघा.)

आणि आणखी एक गोष्ट: टेक्सासात ज्या घराचं छप्पर करतोय त्याच्या क्लेमवर कंत्राटदाराला पब्लिक अ‍ॅडजस्टर (घरमालकाच्या वतीने विमा कंपनीशी क्लेमचं बोलणारा) म्हणून वाटाघाटी करता येत नाहीत, त्याचं लायसन्स असलं तरी. काम, मापं, भाव, फोटो एवढंच पाठवा. पॉलिसीवरचा वाद घरमालकाला घालू दे.