लहान मुलांना घेऊन निसर्गसंग्रहालयात : आपले अनुभव लिहा

तीन ते आठ वर्षांच्या मुलांना घेऊन आपण प्राण्यांच्या, दगडांच्या किंवा जीवाश्मांच्या संग्रहालयात जातो तेव्हा तेथे प्रत्यक्षात काय घडते, हे पालकांनी आणि आजी-आजोबांनी एकमेकांना सांगावे, यासाठी हे आमंत्रण आहे. तिकिटांचे दर आणि वेळा कोठेही मिळतात, म्हणून त्यांवर शब्द खर्च करू नयेत. मूल कोठे थांबले, त्याने काय विचारले, आपण काय उत्तर दिले आणि पुन्हा गेल्यास काय वेगळे कराल, हे सविस्तर लिहावे. संपूर्ण संग्रहालय दाखवण्याचा आग्रह सोडला तरच या वयाचे मूल काही खरोखर पाहते, असे माझे ठाम मत आहे. याला छेद देणारे अनुभवही तितकेच हवे आहेत. सुरुवात मी करते.

डोंबिवली, पाच वर्षांच्या मुलीची आई

मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालय १९२२ साली लोकांसाठी खुले झाले. तेथे मोठी माणसे शिल्पे आणि लघुचित्रे पाहायला जातात, परंतु लहान मुलांचे पाय ओढले जातात ते निसर्गविभागाकडे. १८८३ साली स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संग्रहाच्या आधाराने हा विभाग उभा राहिला. काचेमागे गवा, वाघ, धनेश, रोहित पक्षी असे प्राणी त्यांच्या अधिवासाच्या देखाव्यात मांडलेले आहेत.

वाघासमोर उभे राहून मुलीने पहिला प्रश्न विचारला, "आई, हा झोपलाय की मेलाय?" या प्रश्नाला बगल देऊ नये, असे मला मनापासून वाटते. कातडे खरे असते, आतला सांगाडा माणसाने घडवलेला असतो आणि डोळे काचेचे असतात, असे मी तिला सांगितले. मग अपेक्षेप्रमाणे "याला कोणी मारले?" हा प्रश्न आला. जुन्या संग्रहालयांमधले अनेक प्राणी शिकारीच्या काळातले असतात, त्या काळी शिकार हा मोठेपणा मानला जाई, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर वाघाची शिकार हा गुन्हा ठरला, एवढे तिला समजेल अशा शब्दांत सांगितले. ती रडली नाही. तिने वाघाकडे पुन्हा एकदा नीट पाहिले आणि त्याच्या मिशा कातड्याबरोबरच्या आहेत की नंतर लावलेल्या, असे विचारले, ज्याचे उत्तर मला देता आले नाही.

सर्वाधिक वेळ आम्ही रोहित पक्ष्यांपुढे घालवला. त्यांचा गुडघा उलटा वाकतो, असे तिला वाटत होते. जो सांधा आपल्याला गुडघा वाटतो तो खरे तर पक्ष्याचा घोटा असतो आणि गुडघा वर, पोटाजवळच्या पिसांत लपलेला असतो, हे कळल्यावर ती टाचा उचलून चवड्यांवर चालू लागली आणि आपला घोटा कोठे येतो ते चाचपून पाहू लागली. पुढे हिवाळ्यात आम्ही ऐरोलीहून ठाणे खाडीत नावेने गेलो. तेथे गुलाबी थव्यात करडी पिल्ले दिसली. शेवाळ आणि कोळंबीसारखे जीव खाऊन त्यांतील रंगद्रव्यामुळे पिसे हळूहळू गुलाबी होतात, ही गोष्ट तिला तेथे पटली. काचेतला पक्षी आणि खाडीतला पक्षी ही जोडी जमवता आली तर जरूर जमवावी.

याच आवारात २०१९ पासून मुलांचे स्वतंत्र संग्रहालय आहे आणि जवळच गोरखचिंचेचा जुना वृक्ष आहे. कंटाळलेल्या मुलाला तेथे न्यावे.

बडोदे, दोन मुलांचे बाबा

आमची मुले डायनासोरवेडी आहेत, त्यामुळे बालासिनोरजवळच्या रैयोलीच्या डायनासोर संग्रहालयाला जाणे भागच होते. बडोद्याहून ते सकाळी जाऊन संध्याकाळी परतता येईल इतके जवळ आहे. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला भूवैज्ञानिकांना येथे हाडे आणि अंडी सापडली. याच परिसरातल्या हाडांवरून २००३ साली राजासॉरस नर्मदेन्सिस हे नाव दिले गेले. तो दोन पायांवर चालणारा आणि डोक्यावर बुटके शिंग असलेला मांसाहारी प्राणी होता. संग्रहालयाची इमारत २०१९ साली सुरू झाली. तेथे प्रतिकृती आणि पडदे आहेत आणि मुलांना ते आवडतातही, परंतु माझ्या मते खरी जागा बाहेरचे उघडे मैदान आहे.

धाकट्याची अपेक्षा अशी होती की उभा सांगाडा दिसेल. समोर होता फक्त खडक आणि त्यात फिकट रंगाचा एक पट्टा. तो हिरमुसला. मार्गदर्शकाने त्या पट्ट्यावर बोट ठेवून हे हाड आहे असे सांगितले, त्यालाही हात लावू दिला आणि नंतर जवळच्या खडकातले नारळाएवढे गोल अंडे दाखवले. त्यानंतर त्याला दर दगडात अंडे दिसू लागले. प्रत्येक वेळी "हे नाही" म्हणणे मला जड जात होते, पण मार्गदर्शक मात्र न कंटाळता प्रत्येक दगड पाहून, हे अंडे का नाही, ते कवचाच्या कडेवरून समजावून सांगत होते. मुलाला पाहायला शिकवणे म्हणजे काय, हे मी त्या दिवशी पाहिले. ऊन फार असते, म्हणून हिवाळ्यातली सकाळच निवडावी, आणि प्रत्येक मुलाजवळ स्वतःची पाण्याची बाटली असावी.

नाशिक, आजोबा

बडोद्याच्या अनुभवाला जोडून लिहितो, कारण आमचा विषय त्याच खडकांच्या वरच्या थराचा आहे. ज्या गाळाच्या थरांत ती अंडी सापडतात, त्यांवर सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर पसरले आणि आपला दख्खनचा काळा कातळ तयार झाला. त्या लाव्हात वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या, पुढे त्यांत पाणी झिरपले आणि स्फटिक वाढले. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात हे स्फटिक पाहायला मिळतात : हिरवट अपोफिलाइट, फिकट गुलाबी स्टिलबाइट, आणि पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणींतला गर्द निळा कॅव्हनसाइट.

नातू सहा वर्षांचा आहे. येथे प्राणी नाहीत, म्हणून तो रमणार नाही, अशी सुनेला शंका होती. मी त्याला एकच काम दिले, की प्रत्येक दालनात आपल्याला सर्वांत आवडलेला एकच दगड निवडायचा आणि का आवडला ते आजोबांना सांगायचे. तो एका काचेसमोरून दुसरीकडे जायचा, परत यायचा, आणि निवड बदलायचा. "आजोबा, हा दगड उगवला का?" असे त्याने विचारले. स्फटिक वाढतो, पण झाडासारखा जिवंत नसतो, हे समजावण्यासाठी घरी आल्यावर आम्ही गरम पाण्यात तुरटी विरघळवून त्यात दोरा सोडला. काही दिवसांनी त्या दोऱ्यावर लहान, धारदार कडांचे खडे आले. ज्या संग्रहालयात हात लावता येत नाही, तेथे गेल्यावर घरी हाताने करण्याजोगे काहीतरी ठेवावे, अशी माझी सूचना आहे.

पुणे, चार वर्षांच्या मुलाची आई

अनुभव थोडाच आहे आणि शंका मोठी आहे. आमचा मुलगा पेंढा भरलेल्या प्राण्यांना घाबरतो आणि दारातूनच मागे फिरतो. डोंबिवलीच्या ताईंनी लिहिलेले वाचून पुन्हा प्रयत्न करावासा वाटतो. कोणी भीती ओलांडली असल्यास कृपया लिहावे.

लंडन, हॅरो, सहा वर्षांच्या मुलाची आई

पुण्याच्या ताईंसाठी लिहीत आहे. साउथ केन्सिंग्टनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये डायनासोरच्या दालनात मोटरवर हलणारा आणि गुरगुरणारा टी. रेक्स आहे. तो कोपऱ्यावरून अचानक दिसतो आणि अनेक लहान मुले तेथे रडतात. आम्ही मुलाला आधी घरी त्याची चित्रफीत आवाज बंद करून दाखवली, मग हळू आवाजात दाखवली, आणि आत यंत्र कसे हलते ते सांगितले. प्रत्यक्ष तेथे पोहोचल्यावर त्याने माझा हात घट्ट धरला, पण डोळे मिटले नाहीत. भीती वाटणार हे मुलाला आधी ठाऊक असणे आणि मागे फिरण्याची मुभा असणे, या दोन गोष्टींनी आमचे काम झाले.

प्रवेश विनामूल्य असल्यामुळे सगळे एका दिवसात उरकण्याचे दडपण येत नाही, हे या शहराचे मोठे सुख आहे. आम्ही बहुतेक वेळा फक्त मधल्या दालनात जातो. तेथे २०१७ पासून निळ्या देवमाशाचा २५.२ मीटर लांबीचा खरा सांगाडा छताला टांगलेला आहे. त्याचे नाव होप असून हा देवमासा १८९१ साली आयर्लंडच्या वेक्सफर्डच्या किनाऱ्याला लागला होता. सांगाडा जबडा उघडून खाली सूर मारताना मांडला आहे, त्यामुळे मुलगा थेट जबड्याखाली उभा राहून दात शोधू लागला. या देवमाशाला दात नसतात, तोंडातल्या झालरीतून तो पाणी गाळून क्रिल नावाचे बारीक जीव खातो, हे ऐकून इतका मोठा प्राणी इतके लहान अन्न का खातो, यावर त्याचे बराच वेळ विचारणे चालले होते. पराच्या आत बोटांची हाडे आहेत, हे मात्र त्याचे त्यानेच पाहिले.

१८८१ सालची ही इमारतही पाहण्यासारखी आहे. वास्तुकार वॉटरहाउस यांनी भाजलेल्या मातीचे प्राणी भिंतीभर घडवून घेतले. पश्चिमेच्या भागावर आज हयात असलेले आणि पूर्वेच्या भागावर नामशेष झालेले. कमानींवर चढणारी माकडे शोधण्यात मुले रमतात आणि तेवढ्यात पालकांना बसायला मिळते.

बंगळुरू, सात आणि दोन वर्षांच्या मुलांचे आई-बाबा

दोन वयांची मुले एकत्र नेणे हीच आमची अडचण होती. म्हैसूरचे प्रादेशिक निसर्गविज्ञान संग्रहालय करंजी तलावाच्या काठी आहे आणि त्यामुळे ती सुटली. एकाने थोरल्याबरोबर आत थांबावे, दुसऱ्याने धाकटीला तलावाकाठी मोर आणि बगळे दाखवावेत, आणि मग अदलाबदल करावी. थोरल्याजवळ वही-पेन्सिल होती. त्याला आवडेल ती एकच वस्तू काढायला सांगितली होती. तो फुलपाखराच्या जीवनचक्राजवळ बसून राहिला आणि अळीचे पाय मोजत राहिला. पुढचे सहा पाय आणि मागचे मांसल पाय वेगळे का दिसतात, असे त्याने विचारले. फुलपाखराला पुढचेच सहा पाय उरतात, हे त्याला त्याच मांडणीतून शोधून काढता आले. आम्ही इतर दालने अजून पाहिलेली नाहीत. पुन्हा जाऊ तेव्हा तेथून सुरुवात करण्याचे ठरले आहे.